फिलूच्या उंदरांची सुकेळी

फिलू, बातमी आधी सांगतो. तुझ्या औषधाला पुढच्या पायरीची परवानगी मिळाली. आता ते काही निरोगी माणसांना अगदी थोड्या मात्रेत देतील आणि बाधत नाही ना, एवढंच पाहतील. ते पार पडलं तर मग जागरणाच्या गोळ्यांच्या नादी लागलेल्या माणसांची पाळी. तुमचे साहेब तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला तुमच्या गावी, नंदाखालला आले होते. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हे सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "ती असती तर म्हणाली असती, सर, अजून त्याला औषध म्हणू नका."

मी म्हणालो, "मलाही तेच म्हणाली असती."

तरी मी औषधच लिहिलं आहे. तुला खोडायचं असेल तर खोड.

तुझा जन्म, तुझ्या पदव्या, तुझी नोकरी हे सगळं इतरांनी छापलं आहे. त्यात चुका नाहीत, मी तपासलं. पण त्या मजकुरात पास्कू नाही, उंदीर नाहीत आणि सुकेळी नाहीत. या तिन्ही गोष्टी वगळून तुझ्यावर काही लिहिता येतं, हे पाहून मला नवल वाटलं.

वसई रोडच्या पूर्वेला औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यामागे तुमच्या औषध कंपनीची ती बैठी प्रयोगशाळा. मी तेव्हा मुंबईच्या दैनिकाचा वसईचा वार्ताहर होतो. कॉलेजात आपण एका बाकावर विज्ञान शिकलो. मी ते सोडून बातम्यांकडे गेलो, म्हणून तू मला नावाने हाक मारणं जवळपास बंदच केलं होतंस. "या बातमीदार," म्हणून तू मला आत घेतलंस. भिंतीला लागून पेट्या होत्या. प्रत्येक पेटीत एक उंदीर आणि उंदरासमोर एक कळ. त्याच्या मानेतून शिरेत गेलेली केसाएवढी नळी होती. कळ दाबली की उत्तेजकाचा एक थेंब त्या नळीतून रक्तात जायचा. एक उंदीर थांबतच नव्हता. बाजूला पाणी होतं, त्याकडे तो पाहत नव्हता. दाबत होता, मान झटकत होता, पुन्हा दाबत होता.

"याला काय झालंय?" मी विचारलं.

"हा पास्कू आहे," तू म्हणालीस.

मी हसलो नाही. पास्कूला मी लहानपणापासून ओळखत होतो. तुझा धाकटा भाऊ. वाडीतली केळी, भाजी आणि फुलं ट्रकमध्ये भरून तो रोज मुंबईच्या बाजारात न्यायचा. पहाटेच्या आत पोचायचं, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा माल भरायचा. हायवेवरच्या धाब्यावर कुणीतरी त्याला डोळा न लागायची गोळी दिली. पहिल्यांदा एक, मग दोन. मग ट्रक उभा असला तरी गोळी लागायची. तो दात खाऊ लागला, वाळला, कुणीतरी मागावर आहे म्हणून वाडीच्या कुंपणाशी उभा राहू लागला. हे गावात सगळ्यांना दिसत होतं. तुमच्या घरी त्यावर कुणी बोलत नव्हतं.

एका डॉक्टरांनी त्याला गुंगीचं जोरदार औषध दिलं. गोळ्या सुटल्या. ते पाहायला मी तुमच्याकडे आलो होतो. पास्कू पडवीत खुर्चीवर बसला होता. शांत होता. तुझ्या आयने केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी आणली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली, तुमच्या घरची. ती पास्कूला इतकी आवडायची की लहानपणी त्याच्यापासून टोपली लपवावी लागे. आयने एक सुकेळं त्याच्या हातात ठेवलं. ते हातातच राहिलं. आपण चहा घेतला, मी वाडीतल्या विहिरीचं विचारलं, आय काहीतरी सांगत होती. मी पुन्हा पाहिलं तेव्हा सुकेळ्याला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या त्याच्या मनगटापर्यंत आल्या होत्या. त्याने हात हलवला नाही.

तू उठलीस, ते सुकेळं काढून घेतलंस, त्याचा हात धुतलास. मला फाटकापर्यंत सोडायला आलीस तेव्हा म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात सुटला. गोळीपासून सुटला, खाण्यापासून सुटला, आमच्यापासून पण सुटला. याला मी बरं होणं मानत नाही."

"मग कशाला मानशील?"

"तो काहीतरी मागेल तेव्हा. दुसरं काहीही. आपल्या तोंडाने मागेल."

तुझ्या सगळ्या कामाचं मर्म या वाक्यात आहे. पुढे ते तू साहेबांना शास्त्राच्या भाषेत अनेकदा समजावलंस, पण मला समजलं ते फाटकापाशी.

म्हणून तू पेटीत दुसरी कळ बसवलीस. पहिल्या कळीला उत्तेजक, दुसऱ्या कळीला खुराकाची छोटी वडी. नवं औषध दिल्यावर उंदराने पहिली कळ सोडली की बाकीचे खूश व्हायचे. तू दुसरीकडे पाहायचीस. त्याने खाण्याची कळही सोडली असेल तर ते औषध व्यसन सोडवत नव्हतं, उंदराला नुसतं मंद करत होतं. अशी एकामागून एक औषधं तुझ्या दुसऱ्या कळीपाशी बाद झाली. साहेब वैतागायचे. "फिलोमिनाबाई, तुमची ती दुसरी कळ एक दिवस आपल्या प्रयोगशाळेला कुलूप लावील." तू म्हणायचीस, "लावू दे सर. पण किल्ली मुंग्या लागलेल्या हातात द्यायची नाही." साहेबांना ते कळायचं नाही आणि तू समजावायची नाहीस.

घरी आयचा वेगळाच आक्षेप होता. माझ्यासमोर ती तुला म्हणाली होती, "बिचाऱ्या उंदरांना नशा लावता नि मग सोडवता. पाप नाय?"

"आहे थोडं."

"मग कबुलीला जातेस तेव्हा सांगतेस?"

"सांगितलं. फादर म्हणाले, उंदरांचा विषय त्यांच्याकडे येत नाही."

आय हसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. तुझंही झालेलं नसावं. उंदरांना नावं द्यायची नाहीत हा तुझा नियम होता, तरी पुढचे पाय जोडून बसणाऱ्या एका उंदराला तू 'फादर' म्हणायचीस आणि रविवारी खरे फादर वेदीवर आले की तुला खोकल्याचं निमित्त करून खाली पाहावं लागायचं.

मग ते औषध आलं. त्याला नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता. ते दिल्यावर उंदरांनी पहिली कळ सोडली. हळूहळू नाही, झटक्यात सोडली. फादरसुद्धा कळीकडे पाठ करून बसला. आता दुसऱ्या कळीची चाचणी तेवढी उरली होती, आणि त्याच आठवड्यात राखेचा बुधवार आला, उपवासकाळ सुरू झाला.

तुमच्या घरी उपवासकाळात प्रत्येकाने एक आवडती गोष्ट सोडायची. तू दरवर्षी सुकेळी सोडायचीस. पण तुझ्या आयचा आणखी एक नियम होता आणि तो तिने कुठल्या पुस्तकातून घेतलेला नव्हता. सोडलेला घास घरात उरता कामा नये, तो कुणातरी भुकेल्याच्या तोंडात गेला पाहिजे. "नायतर तो उपवास नाय, काटकसर झाली," असं ती म्हणायची. म्हणून ती तुझ्या वाटणीचं सुकेळं रोज डब्यात घालायची आणि तू ते वाटेत कुणाला तरी द्यायचीस. त्या वर्षी तुला वाटेत थांबायला वेळ नव्हता. तू दिवसभर पिंजऱ्यांपाशी होतीस. चाचणीच्या दिवसांत उंदरांना खुराक थोडा कमी देत, कळ दाबायची इच्छा राहावी म्हणून. म्हणजे तुझ्या आसपास भुकेले होते ते तेच. दुपारी चाचणी उरकली की तू सुकेळ्याचे बारीक तुकडे करून सगळ्यांना वाटायचीस. औषध दिलेल्यांना आणि न दिलेल्यांनाही. दानात भेद करायचा नसतो, हे तू नंतर मला गंभीरपणे सांगितलंस.

असली चूक वसईच्या बाहेर कुठल्या प्रयोगशाळेत होईल असं मला वाटत नाही.

थोड्याच दिवसांत दुसऱ्या कळीचे आकडे पडू लागले. औषध दिलेले उंदीर खुराकाची वडी मागेनात. पहिली कळ सोडली, दुसरीही सोडली. साहेबांनी तुला बोलावून सांगितलं की हेही औषध मागच्यांसारखंच निघालं, प्रयोग बंद करा. त्या दिवशी तू एसटीने थेट माझ्या कचेरीत आलीस. बसली नाहीस. "बंद करा म्हणतात," म्हणालीस आणि खिडकीबाहेर पाहत राहिलीस. तुला त्या वेळी कोण दिसत होतं ते मला ठाऊक होतं. पास्कूचं गुंगीचं औषध डॉक्टरांना विनवून विनवून तू कमी करून घेत होतीस, पण तो अजून त्याच खुर्चीत होता.

दुसऱ्या दिवशी तू साहेबांकडे एकच मागणं केलंस. औषध न दिलेल्या उंदरांची चाचणी पुन्हा घ्यायची.

"ती झाली आहे," साहेब म्हणाले.

"महिन्यामागे झाली आहे. आज झालेली नाही."

"आज त्यांच्यात काय बदलणार आहे?"

"काही नाही बदललं तर मी स्वतः पिंजरे धुऊन ठेवते."

ती चाचणी झाली. औषधाचा थेंबही न घेतलेले धडधाकट उंदीर खुराकाच्या कळीकडे ढुंकून पाहत नव्हते. म्हणजे दोष औषधाचा नव्हता. मग कशाचा? खुराकाची पोती तपासली, पाणी तपासलं, कळीचे स्प्रिंग तपासले. सगळं ठीक होतं. साहेब हैराण झाले. दुपार झाली. तू पिंजऱ्यांसमोरच्या स्टुलावर बसलीस आणि डब्याचं झाकण उघडलंस.

पुढचं तू मला इतक्यांदा सांगितलंस की ते मी पाहिलंच आहे असं मला वाटतं. झाकणाचा आवाज झाला आणि भिंतीलगतच्या पिंजऱ्यांतले सगळे उंदीर मागच्या पायांवर उभे राहिले. औषध दिलेले, न दिलेले, सगळे. नाकं जाळीबाहेर. फादर सर्वांत पुढे. त्यांची भूक मेलेली नव्हती. त्यांनी सुकेळी चाखली होती, आता त्यांना ती कोरडी वडी नको होती.

तू डबा तसाच ठेवून साहेबांच्या खोलीत गेलीस. दार उघडंच होतं, म्हणून पुढचा संवाद सगळ्या प्रयोगशाळेने ऐकला.

"सर, उंदीर बिघडलेत. मी बिघडवले. मी त्यांना सुकेळी खायला घातली."

"का?"

"उपवास आहे, सर."

"उंदरांचा?"

"माझा."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला म्हणे. तुला वाटलं आता नोकरी गेली. पण तू तिथून हलली नाहीस. तू म्हणालीस, "सर, मला रागवा. पण आधी ऐका. आपण उंदरांना विचारत होतो, तुला हे बेचव खायचंय का? ते नाही म्हणाले. आता त्यांना विचारू, तुला सुकेळी हवीत का? ज्याची इच्छा मेलीय तो सुकेळ्यालाही नाही म्हणेल." मुंग्या लागलेला हात साहेबांनी पाहिलेला नव्हता. तू पाहिला होतास. त्यामुळे तुला हे ठाऊक होतं आणि त्यांना पटवावं लागत होतं.

"कंपनीच्या प्रयोगात तुमच्या आईंची सुकेळी घालायची?"

"दुकानातली आणते हवी तर. पण ती इतकी चांगली नसतात."

ते तुला रागावले आणि मग परवानगी दिली, पण अट घालून. उंदीर सगळे नवे आणायचे. कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला नुसतं पाणी, हे तुला कळता कामा नये. ही अट आपली होती असं साहेब पायरीवर मला सांगत होते. तू मला सांगितलं होतंस की ती तुझी होती. हा वाद आता सुटायचा नाही. मी दोघांच्याही नावावर ती अट लावतो.

त्या वर्षी उपवासकाळ संपून पास्काचा सण होऊन गेला, सुकेळी पुन्हा तुझ्या तोंडात पडू लागली, तरी चाचण्या चालूच होत्या. मे महिन्याच्या उन्हात एक दिवस मी कचेरीत नगरपालिकेच्या पाणीटंचाईची बातमी लिहीत होतो. तू दारात उभी राहिलीस. घामाघूम. तू मला नावाने हाक मारलीस, तेव्हाच मी पेन खाली ठेवलं.

"वामन, ते खातायत."

"कोण?"

"औषधवाले. कुणाला औषध नि कुणाला पाणी, त्या खुणा आज उघडल्या. नशेची कळ सोडली त्यांनी. सुकेळ्यांची नाही सोडली. बाकीच्यांइतकीच दाबतायत. खातायत रे, वामन. मागून खातायत."

तू खुर्चीवर बसलीस आणि मोठ्याने हसलीस. कंपोझिटरकडे जाणारा शिपाई दारात थांबून बघू लागला. त्यालाही तू म्हणालीस, "खातायत." त्याने मला हळूच विचारलं, बाईंना बरं आहे ना? मी म्हणालो, इतकं बरं कधीच नव्हतं. तीस वर्षांच्या आसपासच्या माणसाला इतका निर्भेळ आनंद झालेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. त्यानंतरही पाहिलेला नाही.

साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले आणि वर ऐकवलं, "आता सुकेळ्यांचं व्यसन सोडवणारं औषध शोधा." घरी आयची प्रतिक्रिया त्याहून थोडक्यात होती. "त्यात काय एवढं? माजी सुकेळी कोन सोडील?"

मी त्याच संध्याकाळी बातमी लिहिली आणि तुला दाखवायला आणली. शीर्षक होतं, व्यसनावर वसईत रामबाण औषध. तू माझंच पेन घेतलंस आणि 'रामबाण' खोडलंस. मग 'औषध' खोडलंस. मग पूर्ण मजकूर वाचून म्हणालीस, "यात उंदीर हा शब्द एकदाही नाही. ज्यांनी काम केलं त्यांनाच गाळलंस." मी म्हणालो की उंदीर घातले तर वाचक दुसऱ्या पानावर जातील. तू म्हणालीस, जाऊ देत. ती बातमी छापली गेली नाही. तुझं म्हणणं असं की उंदरांनी सोडलं म्हणजे माणसं सोडतील असं नाही, आणि पेपर वाचून कुणाची आय उद्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन बसली तर तिला काय सांगायचं?

एक आय तर आधीच विचारून चुकली होती. तुझी.

तो वाद पाचूबंदरला झाला. मी बर्फाच्या टंचाईवर कोळ्यांशी बोलायला आलो होतो. तू रविवारसाठी मासे घ्यायला. बोटी लागल्या होत्या, लिलाव चालू होता आणि आपण माशांच्या एका पाटीसमोर उभे राहून भांडत होतो. आयने तुझ्याकडे त्या औषधाची एक बाटली मागितली होती, पास्कूसाठी. तू नाही म्हणाली होतीस. आयने मला मध्यस्थी करायला सांगितलं होतं.

"एक बाटली," मी म्हणालो. "तुझ्या हातात आहे. घरात भाऊ आहे. कुणासाठी करतेस हे सगळं?"

"उंदराला गरगरलं तर तो सांगतो का? छातीत धडधडलं तर सांगतो? मला फक्त कळ दिसते. आत काय होतं ते मला ठाऊक नाही. भावावर पहिला प्रयोग करू?"

"उंदरांवर केलास."

"म्हणूनच भावावर करणार नाही."

पाटीमागची कोळीण इतका वेळ एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "ए बाय, भांडायचं तं बाजूला भांडा. गिऱ्हाईक पलतंय माजं. कोन हाय ह्यो? नवरा?"

आपण दोघंही एकदमच "नाही" म्हणालो.

"मंग कोन?"

"वार्ताहर," तू म्हणालीस.

"मंग बोलू दे त्याला. त्याचा धंदाच हाय. तू पापलेट बघ."

तू पापलेट घेतलेस. नवऱ्याच्या विषयावर आयुष्यभरात आपलं तेवढंच बोलणं झालं, एक शब्द, दोघांनी मिळून. त्यात मी आज काही भर घालत नाही. बाटलीच्या वादाचं म्हणशील तर, तुझं तर्कशास्त्र बरोबर होतं. पण रोज संध्याकाळी त्या खुर्चीकडे पाहणाऱ्या आयला तर्कशास्त्राने काय द्यायचं, याचं उत्तर तू मला दिलं नाहीस. फिरून बोलू, म्हणालीस. फिरून बोलणं झालं नाही.

तुझं उत्तर बोलण्यात नव्हतं, ते मला उशिरा दिसलं. तू पास्कूचा ट्रक कायमचा बंद केलास आणि त्याला सुकेळ्यांच्या मांडवावर घातलंस. केळी सोलून ओळीने मांडायची, उन्हाप्रमाणे पालटायची, संध्याकाळी टोपल्यात भरून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. पहिल्या पावसाळ्यापूर्वी तो एकदा घसरला, हायवेवर जाऊन गोळ्या घेऊन आला. तू ओरडली नाहीस. दुसऱ्या सकाळी त्याच्यासोबत केळी सोलायला बसलीस. गुंगीचं औषध डॉक्टरांनी कमी करत शेवटी बंद केलं. पास्कूचे हात वेगाने चालू लागले. तो बोलू लागला, ऊन कसं आहे, वारा कुठला आहे. पुढे दोन हंगामांत त्याच्या हातची सुकेळी आगाशीच्या बाजारात ओळखली जाऊ लागली.

पण तो खात नव्हता. ताटात पडेल ते जेवायचा, पुरे म्हणायचा नाही, वाढ म्हणायचा नाही. सुकेळ्यांच्या राशीत दिवसभर बसून एकही तोंडात टाकायचा नाही. आय आग्रह करायची, तू तिला थांबवायचीस. "देऊ नको. मागू दे." तू तुझ्या पेटीतल्या दुसऱ्या कळीकडे पाहायचीस तशी त्याच्याकडे पाहायचीस, हे मी कधी बोललो नाही. तुला आवडलं नसतं आणि ते खरं होतं.

तुझ्या आजारपणात हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत मला वाटलं होतं, तू परवानगीचं विचारशील. साहेबांचे कागद तेव्हा वर गेलेले होते. तू विचारलंस, "त्याने काही मागितलं?"

मी तिथे यायच्या आधी नंदाखालला जाऊन आलो होतो. खोटं बोलणं सोपं होतं आणि ते कुणी तपासलं नसतं. मी म्हणालो, "नाही."

तू डोळे मिटलेस. "बरं. निदान तू खोटी बातमी दिली नाहीस." मग थोड्या वेळाने, "मागेल तो. उंदरांनी मागितलं ना?" हे तू स्वतःला पटवण्यासाठी म्हणालीस असं मला तेव्हा वाटलं. बोलायला हवं होतं ते हे, की कॉलेजात मी विज्ञान सोडलं तेव्हापासून खात्री म्हणजे काय हे मी तुझ्याकडून शिकत होतो. माझ्या प्रत्येक बातमीतला एखादा शब्द मी तुझ्या भीतीने खोडत आलो आणि त्यामुळे माझ्या बातम्या खऱ्या राहिल्या. हे आभार मी तुला समोर मानले नाहीत. मानले असते तर तू "मुद्द्यावर ये" म्हणाली असतीस.

मुद्द्यावर येतो.

तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा झाली. साहेबांनी पायरीवर सांगितलेली बातमी मी तुमच्या घरी येऊन आयला सांगितली. तिने विचारलं, "म्हणजे फिलूचं खरं झालं?" मी म्हणालो, "आतापर्यंत तरी." ही दुरुस्ती तुझी. पडवीत माणसं बसली होती. साहेब पास्कूच्या त्याच खुर्चीवर बसले होते, त्यांना त्या खुर्चीचं काही ठाऊक नव्हतं. आयने या हंगामातली पहिली सुकेळी टोपलीतून फिरवली. पास्कूच्या हाताखालची. साहेबांनी एक घेतलं, चावलं आणि म्हणाले, "हीच ती." कुणीतरी हसलं. तुझ्या घरात त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

पास्कू खांबाशी उभा होता. टोपली त्याच्यापुढून गेली तेव्हा आयने, तुझ्या शिकवणीप्रमाणे, ती त्याच्यापुढे धरली नाही. टोपली पुढे गेली. साहेब आयला उंदरांची गोष्ट सांगू लागले, झाकणाचा आवाज, उभे राहिलेले उंदीर, उपवास कुणाचा. आयला ती पाठ होती, तरी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत होती. पास्कूने ती कधीच ऐकलेली नव्हती. त्याच्यासमोर उंदरांचा विषय तू कधी काढत नव्हतीस.

तो ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्याने साहेबांना विचारलं, "माझ्या हातची व्हती ती सुकेळी?"

"तेव्हाची तुझ्या आईच्या हातची," साहेब म्हणाले.

"मग उंदरांना चांगली मिळाली नायत," पास्कू म्हणाला. आय त्याच्याकडे वळून पाहू लागली. "आय, जरा इकडं दे बघू एक."

आयने टोपली दिली नाही. तिच्या हातून हललीच नाही. पास्कू दोन पावलं पुढे आला आणि त्याने स्वतः एक उचललं. सोपट सोडवलं. खाल्लं. सावकाश. मग तोंड वाकडं करून म्हणाला, "अजून एक ऊन पायजे व्हतं याला. घाई झाली आपली." आणि पुन्हा हात पुढे केला. "अजून एक दे."

"घे रे माज्या बाबा," आय म्हणाली. "घे. आज काय उपवास नाय."

त्याने घेतलं. मग तिसरं मागितलं. मी बाहेर अंगणात गेलो, कारण माझी ही गोष्ट नीट पाहून झाली होती आणि ती कुणाला तरी सांगायची होती. सांगायची ती तुलाच, म्हणून हे लिहितो आहे. त्याने तुझं औषध घेतलेलं नाही. ते अजून माणसांना दिलेलंच नाही. त्यामुळे याचा तुझ्या प्रयोगाशी संबंध जोडता येणार नाही. मी जोडत नाही. फक्त नोंदवतो.

पास्कूने सुकेळं मागितलं, फिलू. आपल्या तोंडाने मागितलं. यातला एकही शब्द तुला खोडता येणार नाही.